पेटीतला अभ्यासक्रम आणि घरातली बोली

चिपळूणहून कऱ्हाडच्या रस्त्याने निघाले की कुंभार्ली घाट चढण्यापूर्वी पोफळी लागते. पोफळी म्हणजे सुपारीचे झाड; परंतु बाहेरच्या माणसाला हे गाव ठाऊक असते ते विजेमुळे. सह्याद्रीपलीकडे अडवलेले कोयनेचे पाणी डोंगराच्या पोटातून येथे उतरते आणि १९६२ पासून भूगर्भातील वीजगृहात त्याची वीज होते. वीजगृहामुळे वसाहत आली, वसाहतीमुळे बाजार आला आणि बाजारामागोमाग दूरदूरची व्यापारी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली.

अशा गावातील एक जैन घर कल्पावे. खाली किराणा दुकान, वर बिऱ्हाड. मुलगी नुकतीच पाच वर्षांची झालेली. दादी तिच्याशी मारवाडीत बोलते. गल्ल्यावर बसलेले वडील दिवसभर मराठीत बोलतात आणि तीही एका मराठीत नव्हे, कारण गावकऱ्यांची कोकणी धाटणीची बोली वेगळी आणि बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्यांची वऱ्हाडी किंवा खानदेशी वेगळी. भ्रमणध्वनीवरची चित्रफीत हिंदीत. आई पदवीधर आहे. सुमारे वीस किलोमीटरवरील चिपळूणच्या शाळेत एवढ्या लहान मुलीला रोज बसने धाडायचे, तेही कोकणातल्या पावसाचे चार महिने, हे तिच्या मनाला पटत नाही. निदान दोन-तीन वर्षे घरीच शिकवावे, असा निर्णय झालेला आहे. पुण्याच्या नातेवाइकांनी एका परदेशी अभ्यासक्रमाचे नाव सुचविले आणि एके दिवशी दुकानात मालाच्या पोत्यांबरोबर एक मोठे खोकेही उतरले. आत रंगीत पुस्तके, अक्षरपत्ते, आईसाठी मार्गदर्शिका, वर्षभराचे वेळापत्रक. सर्व इंग्रजीत. किंमत काही हजार रुपये.

आता घरात चर्चा चालते ती ही पेटी चांगली की दुसऱ्या कंपनीची चांगली, याची. दुकानदार दोन घाऊक व्यापाऱ्यांचे भाव ताडून पाहतो, तशी ती चर्चा आहे. परंतु मुलीने वाचायला शिकावयाचे ते कोणत्या भाषेत, हा त्याआधीचा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. पेटीने तो परस्पर सोडवून टाकलेला असतो.

घरी अक्षरओळख करून देणे ही जैन कुटुंबांना नवी गोष्ट नाही. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मी आणि सुंदरी या आपल्या कन्यांना जवळ बसवून एकीला लिपी व दुसरीला अंक शिकविले, ही कथा प्रत्येक पाठशाळेत सांगितली जाते. लिपीचा पहिला धडा बापाने मुलीला दिला, असे मानणाऱ्या परंपरेला घरच्या शाळेचे वावडे असण्याचे कारण नाही. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात बालकाच्या पाचव्या वर्षी करावयाचा ‘लिपिसंख्यान’ हा संस्कार सांगितला आहे. मराठीत आरंभाला ‘ओनामा’ म्हणतात, तो शब्दही ‘ॐ नमः सिद्धम्’ या धुळाक्षरांच्या पहिल्या ओळीतून आलेला. पुढचे शिक्षण पेढीवर होत असे: पाढे, पावकी, निमकी, दिडकी आणि मग जमाखर्च.

पेढीवरच्या त्या लेखनाची एक गोष्ट जुन्या मारवाडी घरांत अजून हसतहसत सांगितली जाते. वहीखात्यांची मुडिया अथवा महाजनी लिपी झरझर लिहिण्यासाठी होती. तिच्यात काना-मात्रा बहुधा गाळलेल्या असत. एका मुनिमाने गावी चिठ्ठी धाडली की, शेठ अजमेरला गेले आहेत, मोठी वही पाठवून द्या. घरच्यांनी ती वाचली की, शेठ आज मेले, मोठ्या सुनेला पाठवून द्या. आणि घरात रडारड झाली. गोष्ट विनोदाची असली तरी तिच्यातला अनुभव खरा आहे. आपल्या लिप्यांत अर्थाचा मोठा भार काना, वेलांटी, उकार आणि मात्रा यांच्यावर असतो. मुलाला छत्तीस व्यंजने शिकवून झाली आणि मात्रा पुढच्या वर्षावर ढकलल्या, तर ते मूल त्या मुनिमाच्या चिठ्ठीइतकेच वाचू शकते.

पेटीकडे वळू. तिच्यातली फोनिक्सची पद्धत टाकाऊ नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड क्रमाने, स्पष्टपणे घालून द्यावी, मुलाने शब्द अंदाजाने न ओळखता आवाज जुळवून वाचावा, हे तिचे सूत्र आहे. अमेरिकेत राष्ट्रीय वाचन समितीने २००० साली जो अहवाल दिला त्यात वाचनाचे पाच आधार सांगितले होते: बोलीतील सुटे ध्वनी ओळखणे, अक्षर-ध्वनी संबंध, वाचनातील ओघ, शब्दसंपदा आणि आकलन. चांगल्या पेट्या या पाचांचा विचार करून बांधलेल्या असतात.

मात्र त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ज्या मुलासाठी ती पेटी बांधली ते मूल पाच वर्षांचे होईपर्यंत हजारो इंग्रजी शब्द ऐकून-बोलून चुकलेले असते. त्याने अक्षरे जोडून एखादा शब्द उच्चारला की तो त्याला ओळखीचा लागतो. ‘अरे, हा तर आपला शब्द!’ हा क्षण म्हणजेच वाचन. पोफळीच्या मुलीने तीच तीन अक्षरे जोडून तोच शब्द अचूक उच्चारला तरी तिला काहीच ओळखीचे लागत नाही. आई अर्थ सांगते, मुलगी तो पाठ करते. सहा महिन्यांत ती घडाघडा वाचू लागते, पाहुण्यांपुढे वाचून दाखविते, सर्व संतुष्ट होतात. वाचलेल्यात काय घडले असे विचारले की ती आईच्या तोंडाकडे पाहते.

दुसरी अडचण इंग्रजीच्या घडणीची आहे. सव्वीस अक्षरांत चाळिसांहून अधिक ध्वनी बसवायचे असल्याने तिच्या स्पेलिंगांत अपवादांचे रान माजले आहे. युरोपातील अनेक भाषांतील मुलांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. शाळेचे पहिले वर्ष संपताना फिनिश किंवा ग्रीक मुले नेहमीचे शब्द जवळजवळ सर्व बरोबर वाचत होती. इंग्रजीत शिकणाऱ्या स्कॉटलंडमधील मुलांचे प्रमाण शंभरांत चौतीस होते. ती इंग्रजी बोलणारी मुले होती, हे विसरू नये. देवनागरी या बाबतीत पुष्कळ सरळ आहे. लिहिले तसे बहुतांशी वाचता येते. चहातला च आणि चमच्यातला च निराळा, ‘कमळ’मधल्या शेवटच्या ळ-मधील अ उच्चारायचा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ आहेच, पण हे खड्डे थोडे आणि ठरावीक जागचे आहेत.

देवनागरीची अवघड बाजू वेगळी आहे. तिच्यात चिन्हे फार. व्यंजनाला स्वरचिन्ह लागले की नवे रूप, दोन व्यंजने जोडली की आणखी नवे. एकटा र पाहिला तरी ‘सूर्य’मध्ये तो डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी येतो, ‘ट्रक’मध्ये आणखी निराळा आणि ‘वाऱ्या’मध्ये आडवा. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. कन्नड मुलांच्या अक्षरज्ञानाचा सोनाली नाग यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ही सर्व रूपे हाताखाली येण्यास चौथ्या इयत्तेपर्यंतचा काळ लागताना दिसला. कन्नड आणि देवनागरी या बाबतीत बहिणी आहेत. तेव्हा इंग्रजी पेटीतले वर्षभराचे वेळापत्रक मराठीला जसेच्या तसे लावणे म्हणजे कापडाच्या गजाने तेल मोजणे होय.

मराठीसाठी मग कोणता मार्ग? तो पाहण्यास पोफळीहून घाट चढून कऱ्हाड, सातारा करीत फलटणला जावे लागते. मॅक्सीन बर्नसन या जन्माने अमेरिकन असलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या मराठी बोलीवर संशोधन करून पीएच. डी. मिळविली, तेथेच घर केले आणि भारताचे नागरिकत्व घेतले. शाळेत नाव असूनही वाचता न येणारी, शाळा सोडलेली गरीब वस्तीतली मुले त्यांना दिसली आणि त्यांचे वर्ग त्यांनी सुरू केले. १९८४ मध्ये प्रगत शिक्षण संस्था उभी राहिली. १९८६ मध्ये कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा निघाली. परदेशातून आलेल्या या विदुषीने मुलांना परदेशी अभ्यासक्रम दिला नाही, ही गोष्ट पेटी मागविणाऱ्या पालकांनी थोडी थांबून ध्यानात घ्यावी. मुलांची बोली आधी, प्रमाणभाषा मागाहून; मूल जे बोलते तेच कागदावर उतरवून त्याच्यापुढे ठेवायचे; आणि अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने नव्हे, तर लगेच शब्द बनतील अशा गटांनी द्यायची, मात्रांसकट द्यायची, असा तो मार्ग आहे. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात सोनाळे येथे निलेश निमकर यांनी उभारलेली ‘क्वेस्ट’ ही संस्थाही आदिवासी मुलांबरोबर याच दिशेने काम करीत आली आहे.

गटाने अक्षरे देणे म्हणजे काय, हे दुकानातल्या शब्दांनीच पाहावे. म, क, ल, न ही चार अक्षरे आणि काना व दीर्घ वेलांटी ही दोन चिन्हे. एवढ्यातून माल, मालक, काम, कमी, कमान, कान, नाक, लाल, मामा, मामी, काका, काकी, नानी इतके शब्द निघतात. पंधरा दिवसांत मुलगी ‘मामी, माल कमी!’ असा निरोप स्वतः वाचू शकते आणि तो वाचून तिला हसू येते, कारण हे वाक्य तिने दुकानात शंभर वेळा ऐकलेले असते. उलट भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे क, ख, ग, घ, ङ अशा क्रमाने गेले तर पहिल्या पाच अक्षरांतून सांगण्यासारखे वाक्य निघत नाही आणि पाचवे अक्षर तर तिला आयुष्यात क्वचितच लागेल. तक्ता उच्चारस्थानांनुसार रचलेला आहे, त्याची शास्त्रशुद्धता वादातीत आहे. कोश पाहताना तो उपयोगी पडेल. वाचनाचा क्रम म्हणून तो रचलेलाच नव्हता.

पहिला गट पक्का झाला की र, स, त, प यांसारखी आणखी चार आणि एखादा उकार घ्यावा. एक मात्र सांभाळावे. दिसायला सारखी अक्षरे, जसे प आणि ष, ब आणि व, भ आणि म, घ आणि ध, एकाच आठवड्यात देऊ नयेत. बाराखडी म्हणायला मुलांना आवडते, ती म्हणू द्यावी. पण मुलीने ‘कु’ सुटा दाखविल्यावर ओळखला, की ‘क का कि की’पासून मनात म्हणत तिथवर आली, हे पाहणे आईचे काम आहे.

पाठांतर आणि वाचन यांची हीच गल्लत धार्मिक पुस्तकांच्या बाबतीत सर्वाधिक होते. चार वर्षांचे मूल नवकार मंत्राच्या ओळींवरून बोट फिरवीत अचूक म्हणून दाखविते आणि आजी कौतुकाने सांगते की पोराला वाचता येते. तोंडपाठ असलेल्या मजकुरावरून बोट फिरविणे वाईट नाही. एका उच्चाराला एक शब्द, डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की खाली, हे त्यातून कळते. ण हे एरवी उशिरा भेटणारे अक्षरही प्रत्येक ओळीत भेटते. पण कसोटी निराळी आहे. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ म्हणून विचारावे, किंवा त्याच अक्षरांतून पाठ नसलेला एखादा शब्द पाटीवर लिहून द्यावा. उत्तर आले तर वाचन. नाही आले तर अजून पाठांतर आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

आता दादीच्या मारवाडीचे काय? किंवा दुसऱ्या घरात बांच्या गुजरातीचे? (दक्षिण महाराष्ट्रातील कित्येक जैन घरांची मातृभाषाच मराठी आहे, त्यांना हा प्रश्न पडत नाही.) येथे पालक दोन टोकांना जातात. कोणी मुलाचा गोंधळ होईल म्हणून दादीलाच मराठी किंवा इंग्रजी बोलायला लावतात, आणि दादी मग गप्पच होते. कोणी एकाच वर्षात गुजराती, देवनागरी आणि रोमन अशा तीन लिप्या सुरू करतात. ऐकण्या-बोलण्यात तीन भाषा पाच वर्षांच्या मुलाला जड जात नाहीत. व्यापारी घरांतली मुले पिढ्यान्‌पिढ्या हे करीत आली आहेत. जड जाते ते एकाच वेळी अनेक लिप्यांतून वाचायला शिकणे. म्हणून गोष्टी दादीच्या बोलीत ऐकाव्या, लिपी मात्र सुरुवातीला एकच घ्यावी. पोफळीतल्या घराला ती देवनागरी घेणे सोयीचे, कारण मारवाडी तिच्यात लिहिता येते, हिंदी तिचीच आहे, पाठशाळेतली स्तोत्रेही तिच्यात छापलेली मिळतात आणि दाराबाहेरची प्रत्येक पाटी तिच्यात आहे. देवनागरी स्थिरावल्यावर गुजराती लिपी काही आठवड्यांत येते. पुष्कळशी अक्षरे शिरोरेषा काढल्यासारखी दिसतात.

गुजराती घरांनी येथे आणखी एक स्मरण ठेवावे. बालशिक्षण मातृभाषेतूनच झाले पाहिजे, हे या प्रदेशात कृतीने दाखविणारे गिजुभाई बधेका यांनी भावनगरच्या बालमंदिरात १९२० पासून काम केले ते गुजरातीत, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक मराठी होत्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. पुढे ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी बोर्डी व कोसबाड येथे तेच काम ठाणे जिल्ह्यातील वारली मुलांच्या अंगणात नेले. माँटेसोरीची साधने युरोपची, पण शब्द, गाणी, गोष्टी इथल्या.

इंग्रजी मागे पडेल ही धास्ती वडिलांच्या मनात असते, आणि ती पोकळ नाही. जीएसटीच्या विवरणपत्रापासून मालाच्या ऑनलाइन मागणीपर्यंत इंग्रजी आज दुकानातच आहे. परंतु पुढे मुलगी कोणत्याही मंडळाच्या शाळेत गेली तरी महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी शिकणे सक्तीचे झालेले आहे; ती भाषा टाळता येणार नाही, मग ती कच्ची का ठेवावी? पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नको, यावरून २०२५ मध्ये राज्यात एवढा वाद झाला की शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले. त्या वादाच्या राजकारणाशी येथे कर्तव्य नाही. किती भाषा वाचायला एकदम द्याव्या, हा त्यातला मुद्दा मात्र प्रत्येक घरचा आहे. इंग्रजी कानावर पहिल्या दिवसापासून पडावी: गाणी, छोटी संभाषणे, चित्रे पाहून नावे. वाचन मात्र मराठी वाचनाला ओघ आल्यावर, साधारण दीड-दोन वर्षांनी. ध्वनी सुटे करून जोडण्याची युक्ती एकदा साधली की ती दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावी लागत नाही.

साहित्याच्या खर्चाविषयी थोडे. बालभारतीची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. ती पाया म्हणून पुरेशी, गोष्टींसाठी अपुरी. ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे. सुरुवातीला ते आईने वाचून दाखवावे. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रपुस्तके पायऱ्या लावून ठेवलेली आहेत आणि तीच गोष्ट गुजराती व हिंदीतही बहुधा सापडते. विकत घ्यायचीच तर माधुरी पुरंदरे यांची पुस्तके घ्यावीत. ‘राधाचं घर’ पाच वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावे आणि ‘वाचू आनंदे’ पुढील वर्षांसाठी राखून ठेवावे. परदेशी पेटीच्या किमतीत मराठी पुस्तकांचे एक लहान कपाट भरते. चिपळूणला माल आणायला गाडी जातेच. त्याच फेरीत लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात मुलीला न्यावे. १८६४ पासूनचे हे ग्रंथालय. जुलै २०२१ च्या महापुराने चिपळूणच्या बाजारपेठेबरोबर त्याचीही मोठी हानी केली आणि तरीही ते पुन्हा उभे राहिले. दुकानांत शिरलेले ते पाणी ज्यांनी काढले त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

दिवसाकाठी वेळ किती द्यावा? दुपारी दुकानाची वर्दळ ओसरते तेव्हाची वीस मिनिटे अक्षरांना पुरेत. मात्र ती रोज. रात्री पंधरा मिनिटे कोणीतरी वाचून दाखवावे, आणि ते काम वडिलांनी करावे हे उत्तम. घरात वाचणे हे बाईमाणसाचे व अभ्यासाचे काम आहे, अशी समजूत मुलीची व तिच्या धाकट्या भावाची होऊ नये. लेखनाचे साहित्य दुकानातच आहे. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या, उधारीच्या वहीतली नावे, सणाच्या सामानाची यादी. मुलीने सांगावे आणि आईने तिच्याच शब्दांत लिहावे. ‘आज पाऊस लई पडला’ असे ती म्हणाली तर ‘लई’ खोडून ‘खूप’ करू नये. आपण बोललेले कागदावर जसेच्या तसे राहते, हे तिला आधी कळू द्यावे. व्यापाऱ्याच्या डोळ्याला खाडाखोड सोसवत नाही, म्हणून पहिल्या महिन्यापासून वळणदार अक्षराचा आग्रह धरला जातो आणि मूल लिहायचेच टाळू लागते. सुवाच्यता सातव्या वर्षीही येते.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना लागू आहे. पालकाने मुलाला शाळेत दाखल करावे, असे त्यात म्हटले आहे. घरी शिकविण्याचा स्पष्ट उल्लेख नाही. घरी शिकणारी मुले बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या किंवा राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावीच्या परीक्षांचा आधार घेतात. त्याच कायद्याने शाळेत उशिरा येणाऱ्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. ही सोय आहे आणि धोकाही आहे. आठ वर्षांची मुलगी थेट तिसरीच्या बाकावर बसेल, आणि तिसरीत शिक्षक वाचायला शिकवीत नाहीत. मुलांना वाचता येते असे धरून पुढचे शिकवितात.

घरच्या शाळेचे खरे जोखीम येथे आहे. शाळेत मूल मागे पडले तर शेजारच्या बाकावरून कळते. घरात तुलना नसते; आईचे प्रेम असते, दादीचे कौतुक असते आणि मूल चतुर असते. चित्र पाहून, आईचा चेहरा पाहून ते वाक्य पुरे करते. म्हणून दर तीन महिन्यांनी त्रयस्थ कसोटी लावावी. ‘असर’ या देशव्यापी पाहणीत २००५ पासून वापरली जाणारी वाचनाची साधी पत्रके मराठीतही मिळतात. एका पानावर सुटी अक्षरे, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची लहान गोष्ट. पाच मिनिटे लागतात. आईने स्वतः न घेता शेजारच्या एखाद्या शिक्षिकेला घ्यायला सांगावे. सात वर्षे पूर्ण होताना उतारा अडखळत का होईना वाचून त्यात काय घडले हे मुलीला सांगता आले पाहिजे. वर्षभर नियमाने शिकवूनही अक्षरेच उलटसुलट होत असतील, काल आलेले आज पुसले जात असेल, तर आळस म्हणून रागावण्यापूर्वी डोळे व कान तपासून घ्यावेत, आणि तेथे दोष नसेल तर वाचन-अक्षमतेच्या जाणकारांचा सल्ला घ्यावा. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन याच कामासाठी आहे. ‘आमच्या घराण्यात असे कोणी नाही’ हे उत्तर अशा वेळी मुलाची वर्षे खाते.

आणि त्या खोक्याचे? ते परत धाडण्याचे कारण नाही. आतील चित्रपत्ते आजच काढावेत. कुत्रा, छत्री, होडी, टोपी ही चित्रे कोणत्याच भाषेची नसतात. मुलीने त्यांतले चार पत्ते उचलावेत, त्यांची गोष्ट दादीला मारवाडीत सांगावी, मग आईला मराठीत सांगावी आणि आईने ती वहीत लिहून घ्यावी. मार्गदर्शिका आईने स्वतःसाठी वाचावी. ध्वनी कसे सुटे करावेत, चूक झाल्यावर काय म्हणावे, हे त्यात चांगले सांगितलेले असते. इंग्रजी वाचनाची पुस्तके मात्र कोकणातल्या दमट हवेपासून जपून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर ठेवावीत. मुलगी सात वर्षांची होईल, दुकानात आलेल्या मालाच्या खोक्यावरचे मराठी नाव न विचारता वाचील आणि त्याखालच्या इंग्रजी ओळीवर बोट ठेवून ‘इथं काय लिहिलंय?’ म्हणून विचारील, तेव्हा ती खाली काढता येतील.